गाडी पुन्हा पुन्हा तापते, पाणी कमी होतं: इंजिन खोलायला देण्याआधी घरी काय काय तपासता येतं

खंबाटकीचा चढ निम्मा झाला की टेम्परेचरचा काटा हलायला लागायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्यांदा झालं तेव्हा रेडिएटर साफ करून घेतला आणि वॉटर पंप नवा टाकला. मग तीन आठवडे गाडी गुणी बाळासारखी चालली, आणि पुण्याहून साताऱ्याला येताना त्याच चढावर काटा पुन्हा लालकडे गेला. घाटात गाडी बाजूला घेऊन तासभर थांबलो, पाणी भरलं, हळूहळू घरी आलो. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दोन मिनिटं इंजिनचा आवाज ऐकून निकाल मिळाला: "साहेब, इंजिन गेलंय. फुल इंजिन काम काढावं लागेल." अंदाज ७० हजारांच्या पुढे.

त्या दोन मिनिटांत कोणी काहीही मोजलं नव्हतं, हे मला सलत राहिलं. मी गाडी परत आणली आणि पुढच्या चार सकाळी अंगणात एकेक तपासणी केली. गाडी साधी, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, ११ वर्षं जुनी, १ लाख १८ हजार किमी चाललेली. हातात नेहमीचा पान्यांचा सेट, एक कॉम्प्रेशन गेज, मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा आणि वही. गेज आणि कॅमेरा दोन्ही ऑनलाइन मिळतात आणि दोन्हीची मिळून किंमत एका साध्या सर्व्हिसिंगपेक्षा कमी पडते. तुमचीही गाडी दर महिन्या-दोन महिन्यांनी त्याच दुखण्यावर येऊन थांबत असेल, तर मी गेलो त्याच क्रमाने जा, म्हणजे स्वस्त आणि सोपं आधी होईल.

एक गोष्ट सुरुवातीलाच. "इंजिन गेलं" हे एका आजाराचं नाव नाही. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं गॅसकेट (पाणी आणि गॅस अडवणारा पातळ थर) जळलेलं असू शकतं किंवा हेडला तडा असू शकतो. पिस्टनच्या रिंग (पिस्टनभोवतीची कडी) आणि बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती पोकळी) झिजलेले असू शकतात. वॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) नीट बसत नसतील. किंवा खाली क्रँकची (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) बेअरिंगं खाल्ली गेली असतील. या चारींचा खर्च, काम आणि घाई वेगवेगळी. गॅसकेटसाठी फक्त हेड उतरतं. बेअरिंगसाठी खालचं सगळं उघडावं लागतं. घरी करायचं ते एवढंच, की या चारांपैकी दुखणं नेमकं कुठे आहे ते आकड्यांनिशी सांगता यावं.

आधी बाहेरचं

गाडी कधी तापते, याचं उत्तर प्रामाणिकपणे लिहून काढा. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर घ्या: मोटर, रिले, फ्यूज, टेम्परेचर सेन्सर. हायवेवर किंवा चढावरच तापते, तर रेडिएटर आतून चोंदलेला असू शकतो, किंवा पंपाचा पंखा झिजलेला. आपल्याकडे बोअरवेलचं पाणी सर्रास रेडिएटरमध्ये ओततात आणि त्याचा क्षार आतल्या नळ्यांत खडूसारखा धरतो. थर्मोस्टॅट अडकला असेल तर वरची जाड नळी खूप उशिरा गरम होते किंवा होतच नाही.

पाणी कमी होत असेल तर आधी ते बाहेर सांडतंय का ते बघा. रात्री गाडीखाली जुना पांढरा पुठ्ठा पसरा. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, त्यातून ओघळ दिसतोय का, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमला दाबून बसवलेली असते तिथे हिरवट-गुलाबी डाग आहेत का, हे टॉर्चने पाहा. डाव्या बाजूच्या सीटपुढचं कार्पेट ओलसर लागतंय आणि काचेवर आतून चिकट धुकं येतंय, तर हीटरची जाळी गळतेय. रेडिएटरचं झाकणही तपासा. ते साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरतं, त्यामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही, आणि धडधाकट इंजिनचंही पाणी उकळून बाटलीत जातं. दोनशे-तीनशे रुपयांची वस्तू आहे, संशय असेल तर सरळ नवीन टाका.

गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, कितीही घाई असली तरी. दाबाखालचं १०० अंशांच्या वरचं पाणी हवा लागताच वाफ होऊन चेहऱ्यावर येतं. घाटात असं भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. निदान तासभर थांबा, नळी हाताला थंड आणि मऊ लागली की मगच झाकणाला हात लावा.

थंड इंजिनची सकाळ

माझ्या गाडीचं बाहेरचं सगळं कोरडं होतं. पुठ्ठ्यावर थेंब नाही, तरी आठवड्याला अर्धा लिटर पाणी गायब. पाणी बाहेर जात नाही म्हणजे आत जातंय, आणि आतल्या गळतीचा पुरावा सगळ्यात स्पष्ट मिळतो तो रात्रभर उभ्या असलेल्या, पूर्ण थंड इंजिनवर. कारण साधं आहे. इंजिन गरम झालं की पाणी फुगूनच नळ्यांत दाब येतो, मग तो दाब गॅसचा की गरमीचा हे ओळखता येत नाही. थंडीत ती शंका राहत नाही.

पहिली सकाळ: झाकण बंदच ठेवून गाडी सुरू केली आणि वरची जाड नळी हाताने दाबत राहिलो. निरोगी गाडीत पहिली दोन-तीन मिनिटं ती लिबलिबीत असते. माझी मिनिटाच्या आत सायकलच्या ट्यूबसारखी कडक झाली, तेव्हा इंजिन कोमटही नव्हतं. सिलिंडरमधला जळता गॅस पाण्याच्या वाटेत शिरतोय, याची ही पहिली खूण.

दुसरी सकाळ: थंड इंजिनवर झाकण काढलं, पाणी काठोकाठ भरलं, गाडी सुरू केली आणि पृष्ठभागाकडे पाहत राहिलो. चार-दोन बुडबुडे सुरुवातीला येणारच, आत अडकलेली हवा असते. नुकतंच कूलंट बदललं असेल तर आणखी जास्त येतात, म्हणून कूलंट बदलल्यावर दोन-चार दिवस ही तपासणी करू नका. पण गॅसकेट गेलेल्या गाडीत बुडबुडे थांबत नाहीत. सोड्याच्या बाटलीसारखी बारीक साखळी चालूच राहते, आणि ॲक्सिलरेटर थोडा वाढवला की तीही वाढते. माझ्याकडे ती साखळी होती. ही पाहणी चार-पाच मिनिटांत आटोपा, पाणी तापायच्या आत.

याची पक्की चाचणी निळ्या द्रावणाने होते. काचेच्या छोट्या नळीत ब्रोमोथायमॉल ब्लूचं द्रावण असतं, ती नळी रेडिएटरच्या तोंडावर धरायची आणि रबरी फुग्याने वरची हवा त्यातून खेचायची. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर निळं द्रावण पिवळं होतं. रेडिएटरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड यायचा तो सिलिंडरमधूनच, म्हणून ही चाचणी फारशी फसवत नाही. फक्त पाणी थोडं खाली उतरवून घ्या, द्रावणात कूलंट शिरलं तर रंग बिघडतो. डिझेलला यावर पूर्ण विसंबू नका. तिथे जादा हवेमुळे कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण कमी असतं. माझं द्रावण दुसऱ्या मिनिटालाच हिरवट होत होत पिवळं झालं.

ऑइलच्या झाकणाखालचा पांढरट-पिवळा लोण्यासारखा थर पाहून बरेच जण घाबरतात आणि बरीच गॅरेजं त्यावरच गॅसकेटचा निकाल देतात. पावसाळ्यात, किंवा रोज दोन-तीन किमीच गाडी चालत असेल तर, आतल्या वाफेचं पाणी त्या थंड झाकणावर धरतं आणि असा थर निरोगी गाडीतही जमतो. निकाल ऑइलच्या पट्टीवर करा. पट्टीवरचं ऑइल चहासारखं दुधाळ दिसतंय आणि पातळी आपोआप वाढतेय, तर पाणी खरंच ऑइलमध्ये जातंय आणि ती गाडी मिनिटभरही चालवू नका. दुधाळ ऑइल बेअरिंगला वाचवत नाही. आणि हेही लक्षात ठेवा की गॅसकेट जळलं तरी ऑइल स्वच्छ राहू शकतं. माझं होतं. गळती पाण्याची वाट आणि सिलिंडर यांच्यामध्ये असेल तर ऑइलला काहीच कळत नाही.

कूलंटबद्दल एक सूचना जाता जाता: त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. काढलेलं कूलंट अंगणात उघडं ठेवू नका, कुत्री-मांजरं पितात.

प्लग काढल्यावर

तिसऱ्या सकाळी स्पार्क प्लग काढले. प्लगच्या खड्ड्यात साठलेली माती आधी हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. हेड ॲल्युमिनियमचं असतं, म्हणून प्लग थंड इंजिनवरच काढा आणि परत बसवताना पहिले काही आटे फक्त बोटांनी फिरवा. काढलेले प्लग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडा, नंबर घाला, फोटो काढा. यात पुष्कळ माहिती असते. तपकिरी-राखाडी प्लग म्हणजे सगळं ठीक. काळा आणि तेलकट ओला म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ऑइल चढतंय. कोरडा काजळीसारखा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, आतल्या झिजेशी त्याचा संबंध नाही. आणि एक प्लग बाकीच्यांपेक्षा विचित्र स्वच्छ, धुऊन काढल्यासारखा पांढरा असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जाऊन वाफ होतेय आणि ती वाफ सगळं घासून काढतेय. माझा तीन नंबरचा प्लग तसाच होता. मोबाइलचा कॅमेरा भोकातून आत घातला तेव्हा एक, दोन, चार नंबरच्या पिस्टनवर काळा कार्बन दिसला आणि तिसऱ्याचा माथा चकचकीत.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते. आकडे खरे हवे असतील तर यातली एकही पायरी गाळू नका. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, नाहीतर इंजिन हळू फिरतं आणि सगळे आकडे खोटे पडतात. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, इग्निशन कॉइलचे कनेक्टर काढा. उघड्या प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि एक ठिणगी पुरे होते. चारही प्लग काढलेले हवेत, एकच नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. गेज एका सिलिंडरला घट्ट बसवा, दुसऱ्या माणसाला ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायला सांगा, आणि गेजवर पाच-सहा धक्के मोजा. प्रत्येक सिलिंडरला तेवढेच धक्के. मला यात माझ्या पुतण्याने मदत केली. तो मोठ्याने मोजत होता, मी आकडे लिहीत होतो.

नुसता शेवटचा आकडा पाहू नका, काटा कसा चढतो तेही पाहा. पहिल्याच धक्क्याला काटा बराच वर गेला आणि पुढे भराभर भरला, तर रिंग चांगल्या. पहिला धक्का कमी आणि नंतर हळूहळू चढत राहिला, तर रिंग किंवा बोअर झिजलेले. पहिला धक्काही कमी आणि पुढेही तिथेच रेंगाळला, तर वॉल्व्ह गळतोय असं धरून चाला.

निरोगी पेट्रोल इंजिनचा आकडा साधारण १५० ते १९० पीएसआय, म्हणजे १० ते १३ बार. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा धरा. उंचीचा हिशोब विसरू नका. समुद्रकिनाऱ्यावरच्या रत्नागिरीत जो आकडा येईल तो पुण्यात सहा-सात टक्क्यांनी कमी येणार आणि महाबळेश्वरला सुमारे १४-१५ टक्क्यांनी, कारण हवाच विरळ आहे. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा चार सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ८५ टक्क्यांच्या खाली असेल तर काहीतरी बिघडलेलं आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडलेले असतील, तर त्या दोघांमधल्या पट्टीवर गॅसकेट जळालंय, हे जवळजवळ नक्की.

ज्या सिलिंडरचा आकडा कमी असेल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर, साधारण ५ मिलिलिटर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. ऑइल रिंगच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. आकडा चांगला उडी मारून वाढला तर दोष रिंग-बोअरमध्ये. जागचा हलला नाही तर वॉल्व्ह किंवा गॅसकेट. एवढ्या साध्या चमच्याने अर्ध्या इंजिनचा खर्च वाचू शकतो, म्हणून मला ही चाचणी सगळ्यात मोलाची वाटते.

माझे आकडे: पहिला १७०, दुसरा १६८, तिसरा १५५, चौथा १७२. तिसरा कमी, पण ९० टक्के, म्हणजे नियमाने पास. ऑइल घातल्यावर तिसरा १५८ झाला, वाढ नगण्य. इथे बरेच जण थांबतात आणि "कॉम्प्रेशन ठीक आहे, मग गॅसकेट ठीक आहे" असं धरून चालतात. तसं नाही. सेल्फवर फिरताना सिलिंडरमध्ये जेवढा दाब होतो त्याच्या कितीतरी पट दाब पेट्रोल जळताना होतो. केसाएवढी फट सेल्फवर मिटलेली राहते आणि चढावर उघडते. म्हणूनच माझी गाडी गावात शांत होती आणि खंबाटकीत तापायची. कॉम्प्रेशन वाईट आलं तर तो दोषाचा पुरावा आहे, पण चांगलं आलं म्हणून गॅसकेट निर्दोष सुटत नाही.

शंका उरली तर लीक-डाउन करा. सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, म्हणजे दोन्ही वॉल्व्ह बंद असताना, आणायचा आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप यासाठी पुरत नाही, टाकीवाला कॉम्प्रेसर लागतो. मग कान लावायचे. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक वॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट किंवा हेडचा तडा. ऑइलच्या झाकणातून थोडी हवा चांगल्या इंजिनमध्येही येते, त्याने घाबरू नका. आणि हवेच्या जोराने क्रँक अचानक फिरतो, म्हणून पुलीच्या बोल्टवर पाना लावून ठेवू नका, दाब हळूहळू वाढवा.

धूर

यावर फार वेळ घालवत नाही, कारण धुरावरून फक्त अंदाज येतो. हिवाळ्याच्या सकाळी सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ आणि टपकणारं पाणी नैसर्गिक आहे. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येतोय आणि वास गोडसर आहे, तर कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे ऑइल. तो रात्रभर उभी राहिल्यावर फक्त सुरू करताना येत असेल तर वॉल्व्हची सील गेली आहेत. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आल्यावर पुन्हा दाबताना भपका येत असेल तरी सीलच, किंवा वॉल्व्ह गाइड. चालवताना, जोर देताना सतत येत असेल तर रिंग. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचं सील गेलं तरी निळा धूर येतो, ते आधी बघा. काळा धूर इंधनाचा, त्यासाठी इंजिन उघडायचं नसतं.

ज्याला मिस्त्री "बॅक कॉम्प्रेशन मारतंय" म्हणतात, ते असं पाहतात: गरम इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडून उलटं त्याच तोंडावर ठेवायचं. हलकं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि मागून धुराचे लोट आले, तर पिस्टनच्या बाजूने गॅस खाली उतरतोय. पण त्याआधी पीसीव्ही वॉल्व्ह (खाली उतरलेला गॅस पुन्हा इनटेककडे ओढून घेणारा) आणि त्याची नळी साफ करा. ती चोंदली तर असंच होतं, आणि त्या वीस मिनिटांच्या कामासाठी लोकांनी इंजिनं खोललेली आहेत.

ऑइल किती खाते हे मोजायचं असेल तर दर रविवारी सकाळी, सपाट जागी, गाडी सुरू करण्याआधी पट्टी पाहा आणि किमी लिहा. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १,००० किमीला अर्धा ते एक लिटरपर्यंतचा खप मान्य केलेला असतो. दोन महिन्यांच्या नोंदी असल्या की बोलण्यात वजन येतं.

आवाज

वरून येणारी, शिलाई मशीनसारखी टिकटिक बहुतेक टॅपेटची, म्हणजे वॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांची. सुरू केल्यावर पाच-दहा सेकंद येऊन थांबत असेल तर काळजीचं कारण नाही. थंड इंजिनमध्ये पोकळ टकटक येते आणि गरम झाल्यावर नाहीशी होते, तो पिस्टन बोअरमध्ये किंचित हलतोय. अशी गाडी ऑइल वेळेवर बदलून वर्षानुवर्षं चालते.

घाबरायचं ते खालून येणाऱ्या जड ठोक्याला. इंजिन गरम असताना, ॲक्सिलरेटर थोडा वाढवून सोडताना लोखंडावर लाकडी हातोडा बसल्यासारखा ठोका आला, तर कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. खात्रीसाठी इंजिन चालू असताना एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहा. ज्या सिलिंडरचा काढल्यावर ठोका मंदावतो, दोष त्याच रॉडचा. कॉइलऐवजी इंजेक्टर काढायला सांगतोय, कारण कॉइल काढली तर न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो. चेक लाइट लागेल, नंतर स्कॅनरने पुसता येते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला, ही जुनी रीतही चांगली चालते, फक्त बेल्ट आणि पंख्यापासून लांब राहा. ओढणी, सैल बाही, गळ्यातली चेन, काहीच जवळ नको.

ऑइल प्रेशरचा लाल दिवा गाडी चालू असताना लागला तर तिथल्या तिथे बंद करा. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ, असं म्हणायची ती वेळ नाही.

ऑइल बदलताना जुनं ऑइल स्वच्छ पांढऱ्या कापडातून गाळा आणि फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडा. किंचित राखाडी गाळ चालतो. तांब्या-पितळेची चमचम दिसली तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतलं तांबं उघडं पडलंय. चुंबकाला चिकटणारी कणी लोखंडाची, न चिकटणारी चंदेरी बहुधा ॲल्युमिनियमची: पिस्टन किंवा नव्या पद्धतीची बेअरिंगं. नखात धरता येतील एवढे तुकडे असतील तर गाडी पुन्हा सुरूच करू नका. माझा फिल्टर स्वच्छ निघाला. खालचं इंजिन वाचलेलं आहे, हे त्या कागदाने सांगितलं.

पुराच्या पाण्यात बंद पडलेली गाडी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हापासून मुंबईकरांना हा धडा ठाऊक आहे, पण दर पावसाळ्यात नव्याने चुका होतात. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टर पाहा. तो ओला असेल तर सगळे प्लग काढून मगच इंजिन फिरवा, पाणी भोकांतून बाहेर उडेल.

नंतर गाडी सुरू झाली, पण थरथरते आणि एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी येतं, ऑइल घालूनही वाढत नाही, तर वाकलेल्या रॉडचा संशय घ्या. रॉड वाकला की पिस्टन पूर्ण वर येत नाही. प्लगच्या भोकातून एक लांब, जाड प्लास्टिकची नळी आत सोडा, पिस्टन सगळ्यात वर येईपर्यंत क्रँक हाताने फिरवा आणि नळीवर खूण करा. चारही सिलिंडरच्या खुणा एका रेषेत यायला हव्यात. एक जरी दोन मिलिमीटर खाली असली तरी रॉड गेला. ही खूण फोटोसकट विमा कंपनीलाही दाखवता येते. मात्र इंजिनसाठीचं वेगळं संरक्षण घेतलेलं आहे का ते पॉलिसीत पाहून ठेवा, साध्या पॉलिसीत पाण्याने झालेलं इंजिनचं नुकसान बहुधा नाकारलं जातं.

डिझेलवाल्यांनी वरचं कॉम्प्रेशन गेज वापरू नये. तिथे दाब २५ ते ३० बारच्या घरात असतो आणि पेट्रोलचं गेज फुटतं. कॉमन रेलच्या इंजिनात चालू असताना इंजेक्टरचा पाइप सैल करण्याची जुनी रीत तर जिवावर बेतू शकते. त्या पाइपातला दाब १,००० बारच्या वर जाऊ शकतो आणि ती धार कातडीतून आत शिरते. बुडबुडे, नळी, पट्टी, फिल्टर एवढंच घरी करा.

गॅरेजमध्ये काय मागायचं

चौथ्या सकाळी वहीत होतं ते असं: थंडीत कडक होणारी नळी, न थांबणारे बुडबुडे, पिवळं झालेलं द्रावण, तीन नंबरचा धुतलेला प्लग आणि पिस्टन, कॉम्प्रेशन ठीक, ऑइलने न वाढलेलं, फिल्टर स्वच्छ. म्हणजे गॅसकेट किंवा हेड, तीन नंबरजवळ. रिंग नाही, बेअरिंग नाही. मी दुसऱ्या, जुन्या मिस्त्रींकडे गेलो आणि वही पुढे ठेवली. त्यांनी प्लगचे फोटो नीट पाहिले आणि म्हणाले, "फक्त हेड उतरवू. खालचं नाही उघडायचं. उतरवताना तुम्ही समोर थांबा."

तुम्हीही समोर थांबा. जुनं गॅसकेट मागून घ्या. माझ्या गॅसकेटवर तीन नंबरच्या कडेपासून पाण्याच्या भोकापर्यंत बोटाच्या पेराएवढी काळी जळकी वाट होती. मग हेडवर सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्या) घालायला सांगा. बहुतेक छोट्या इंजिनांना ०.०५ मिमीपर्यंतचा वाक चालतो, नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. माझ्यात ०.१२ निघाला. वारंवार तापून हेड वाकलेलं होतं. फेसिंगला (हेडचा तळ घासून सपाट करायला) पाठवण्याआधी हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या. हेडला तडा असेल तर फेसिंगचे पैसे पाण्यात जातील. ब्लॉकचा माथाही त्याच पट्टीने तपासा, तो तपासायला विसरतात आणि नवं गॅसकेट सहा महिन्यांत पुन्हा जातं. हेडचे बोल्ट ताणले जाणारे असतील तर नवेच टाका, आणि ते क्रमाने, टॉर्क रेंचनेच आवळायला सांगा. अंदाजाने पान्याला लोंबकळून नाही.

एक गोष्ट मात्र करू नका: पाणी गळू नये म्हणून रेडिएटरमध्ये हळद किंवा बाजारातली गळती-बंद पावडर टाकून महिनोन्‌महिने चालवणं. रेडिएटरला बारीक भोक पडलं असताना घरापर्यंत पोचायला हळद कामी येते हे खरं, ट्रकवाले ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. पण जळलेलं गॅसकेट त्याने भरत नाही, आणि तोच लगदा हीटरच्या आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

माझं सगळं काम, फेसिंग, गॅसकेट सेट, बोल्ट, नवं ऑइल आणि कूलंट धरून, मूळ अंदाजाच्या एक तृतीयांशात झालं. ऑइल आणि फिल्टर ५०० किमीवर पुन्हा बदलला, आत शिरलेला एखादा थेंबही राहू नये म्हणून. कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवली आणि पहिले १,००० किमी रोज सकाळी थंड असताना रेघ पाहिली, नळी दाबून पाहिली. पहिल्या आठवड्यात पातळी बोटभर उतरली, ती आत अडकलेली हवा बाहेर आल्यामुळे. तेवढी भरली. त्यानंतर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, एसी लावून आणि पाच माणसं घेऊन खंबाटकी चढलो. काटा मध्यावरच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेवरच होतं.